कोकणात स्काचा बँड चालवायचा, तर आधी फुंकणारे सांभाळा

कुडाळ-मालवण पट्ट्यात आम्ही आठजण स्का वाजवतो असं सांगितलं की समोरचा दोन प्रश्न विचारतो. स्का म्हणजे काय, आणि माणसं किती? पहिल्याचं उत्तर, म्हणजे जमैकाचं उलट्या तालावरचं नाचायचं संगीत, नाही दिलं तरी चालतं. दुसऱ्याला ‘आठ’ म्हटलं की रिसॉर्टवाला मनातल्या मनात आठ जेवणं, आठ गाद्या आणि स्टेजची रुंदी मोजतो, आणि एक कीबोर्डवाला नि एक गायिका अशा जोडीला फोन लावतो. मी बास वाजवतो आणि बुकिंगचे फोन माझ्याकडे येतात, म्हणून हा हिशोब मला पाठ आहे.

आठातले तीन कमी करून आम्हीही एकदा पाहिलं. ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोनच्या जागा कीबोर्डवर वाजवून घेतल्या. पैसे वाचले, कार्यक्रम पार पडला आणि एकही माणूस खुर्चीवरून उठला नाही. तेव्हापासून आमचा सगळा कारभार त्या तीन फुंकणाऱ्यांभोवती फिरतो. पट्टी त्यांच्या सोयीची, तारीख त्यांच्या सवडीची, गाण्यांचा क्रम त्यांच्या ओठांना झेपेल तसा. पैशाची पहिली वाटणीसुद्धा त्यांचीच. गिटारवाल्यांनी रागावू नये.

थोडं मुळाविषयी

स्का जमैकाचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये तो तयार झाला आणि १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथले लोक त्यावरच नाचत होते. १९६६ च्या सुमारास तो संथ होऊन रॉकस्टेडी झाला, पुढच्या दोनेक वर्षांत रेगे. १९७९ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या टू टोन या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवरून द स्पेशल्स, द सिलेक्टर, मॅडनेस या मंडळींनी तो पुन्हा वर काढला, पहिल्यापेक्षा जास्त वेगात.

दुसऱ्यांची गाणी वाजवतो म्हणून लाजायचं काही कारण नाही, कारण या संगीताचं घरच त्यावर उभं आहे. जमैकाची गायिका मिली स्मॉलने १९६४ साली गाजवलेलं ‘माय बॉय लॉलिपॉप’ मूळ १९५६ चं अमेरिकन गाणं. जमैकाच्या स्कॅटलाइट्स या बँडने ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ या १९६१ च्या युद्धपटाची धून उचलून तिचा स्का केला. ‘अ मेसेज टू यू, रूडी’ लोक स्पेशल्सचं म्हणून ओळखतात, पण मूळ गाणं डँडी लिव्हिंगस्टनचं, १९६७ चं. आणि दोन्ही रेकॉर्डवर ट्रॉम्बोन वाजवणारा माणूस एकच, रिको रॉड्रिग्ज. गायक बदलला, देश बदलला, फुंकणारा तोच राहिला.

माणसं कुठे मिळतात

गिटार, बास, कीबोर्ड, ड्रम आणि गायक हे पाचजण कुठल्याही तालुक्याच्या गावात ऑर्केस्ट्रावाल्यांत सापडतात. ट्रंपेटवाल्यासाठी मात्र लग्नाच्या बँडचं दार ठोठवावं लागतं.

हा कमीपणा नव्हे. स्कॅटलाइट्समधले टॉमी मकुक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघे किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. कॅथलिक नन्सनी चालवलेली ती शाळा गरीब मुलांना बँडमध्ये वाजवायला शिकवायची. आपल्या खाली गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांनी तेच काम केलं. तिथून मुंबईला गेलेल्या चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी आणि अरेंजरनी हिंदी चित्रपटसंगीताला ब्रास दिला. आपला वरातीचा बँडवाला त्याच गाण्यांवर हात बसवून मोठा झालेला असतो. फुंकर त्याच्याकडे आहे. त्याला फक्त दुसरा ताल हवा.

त्याच्याकडे जाताना थेट वादकाला फोडू नका. आधी बँडमास्तरांना भेटा, चहा प्या, लग्नाच्या तारखांना हात लावणार नाही असा शब्द द्या. आम्ही गेलो तेव्हा मास्तरांनी मोबाइलवर दोन गाणी ऐकली, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘ताल उलटो आसा ह्येचो.’ थोडं थांबून म्हणाले, ‘पण पाय हलतत.’ शेवटी त्यांनी वादक दिलाच नाही. स्वतः आले. आज आमचे ट्रंपेटवाले तेच आहेत, वयाने आमच्यातल्या सगळ्यांत मोठे, आणि आम्ही त्यांना अजून मास्तरच म्हणतो.

ट्रॉम्बोन मिळणं सगळ्यांत कठीण. वर्षभर शोधत बसू नका. लग्नाच्या बँडमध्ये युफोनियमवाला (व्हॉल्व्हचं जाड आवाजाचं पितळी वाद्य) असतो, तो ट्रॉम्बोनची जागा उत्तम भरतो. घसरत्या सुरांची गंमत तेवढी जाते. सॅक्सोफोन शास्त्राप्रमाणे ब्रासमध्ये बसत नाही, पण आमच्याकडे त्याला कुणी हे सांगायला जात नाही. वाद्यं मेरठच्या जाली कोठी भागात बनतात, लग्नाचे बँड तिथूनच मागवतात. नवशिक्याला ती पुरतात. ट्रंपेटचे व्हॉल्व्ह मात्र घेण्याआधी दाबून पाहा, एक जरी अडकत असेल तर ते वाद्य घेऊ नका.

उलटा ताल शिकवायचा कसा

‘ऑफबीटवर वाजव’ असं सांगून कुणी शिकत नाही. आम्ही केरव्यातून शिकवतो, कारण तो सगळ्यांच्या अंगात आहे.

धा गे ना ती, न क धी न. आठ मात्रा. गिटारवाल्याने फक्त दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवर वाजवायचं: गे, ती, क, न. बाकी जागी हात हलता ठेवायचा, पण तार छेडायची नाही. वाजवलं की डाव्या हाताची बोटं लगेच सैल, म्हणजे आवाज ‘च्याक्’ असा तुटतो. तो लांबला की सगळा चिखल. बासने पहिली, तिसरी, पाचवी, सातवी मात्रा धरून चालत राहायचं, उड्या मारायच्या नाहीत. ड्रमवाल्याचा ठोका ‘ना’ आणि ‘धी’ वर, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर.

खरी झटापट ड्रमवाल्याशी होते. तो बहुधा ऑक्टोपॅडवर (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) वाढलेला असतो. समेवर जोरात येणं आणि ओळीच्या शेवटी ढोलकीचा तुकडा टाकणं त्याच्या रक्तात असतं. सम सोडून दे म्हटलं की त्याला पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटतं. पहिला महिना ऑक्टोपॅड बंद ठेवा. साधा स्नेअर, हायहॅट आणि किक, मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) मिनिटाला ९० वर. तिथे घट्ट बसला की दर आठवड्याला दहा-दहाने वाढवा. १४० च्या आसपास पोहोचलात की बहुतेक गाणी हाताशी आली. जास्त वेगाची हाव आम्ही धरत नाही, मास्तरांचा श्वास पुरायला हवा.

पट्टीचं भांडण

इथे बहुतेक नवे बँड फुटतात, म्हणून सविस्तर सांगतो.

गिटारवाल्याला पांढरी तीन (पेटीवरची तिसरी पांढरी, म्हणजे ‘ई’) आवडते, कारण त्याच्या मोकळ्या तारा तिथे वाजतात. ट्रंपेटचा ‘सी’ मात्र मुळात काळी पाचमध्ये (बी फ्लॅट) बोलतो आणि आल्टो सॅक्सचा काळी दोनमध्ये (ई फ्लॅट). पांढरी तीनमध्ये गाणं घेतलं की ट्रंपेटला सहा शार्प (चढवलेले सूर) येतात, आल्टोला सात. मास्तर ते वाजवतील, पण दहा मिनिटांत कंटाळतील आणि सूरही हलेल. त्यामुळे आमच्याकडे नियम असा: गाणं काळी पाच, पांढरी चार किंवा काळी दोनमध्ये बसवायचं. गायकाला फारच अडचण असेल तर काळी चार. गिटारवाल्याने बॅरे कॉर्ड (एक बोट आडवं ठेवून सगळ्या तारा दाबायचे) शिकावेत. स्काला तेच लागतात, कारण मोकळी तार झटकन बंद करता येत नाही.

दुसरी अडचण लिहिण्याची. बँडचे जुने वादक पाश्चात्त्य नोटेशन वाचतातच असं नाही. त्याला आमच्याकडे सुंदर उपाय आहे: सरगम. ब्रासची ओळ सरगममध्ये एकदाच लिहायची आणि प्रत्येकाला फक्त ‘तुझा सा कुठला’ एवढंच सांगायचं. गाणं पांढरी चारमध्ये असेल तर ट्रंपेटवाल्याचा सा त्याच्या वाद्यावरचा ‘जी’, आल्टो सॅक्सचा सा ‘डी’, ट्रॉम्बोनचा सरळ ‘एफ’. कागद एकच, तिघांना चालतो. ही युक्ती सापडायला आम्हाला दीड वर्ष लागलं आणि ती मास्तरांच्या जुन्या वहीत आधीपासून होती.

वर्षाचं गणित

कालनिर्णय भिंतीवर लावा आणि लग्नाच्या मुहूर्तांभोवती लाल गोल करा. त्या तारखांना तुमचा ब्रास दुसऱ्याच्या वरातीत असणार. त्याच दिवशी संध्याकाळी तो तुमच्याकडे येऊ शकतो, पण तीन तास वरात फुंकलेल्या माणसाचे ओठ संध्याकाळी उरलेले नसतात. हे आम्ही एकदा केलं, पुन्हा नाही.

उलट चातुर्मासात लग्नं नसतात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत फुंकणारे मोकळे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, बाहेर धो धो पाऊस. नवी गाणी बसवायला यापेक्षा चांगला काळ नाही. गणपतीत मात्र तालीम मागू नका. त्या दिवसांत आमचा कीबोर्डवाला घरोघरी भजनात पेटी धरतो आणि ड्रमवाला पखवाजावर असतो.

तालमीची जागा आम्हाला आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये मिळाली. पत्र्याचं छप्पर, गोण्यांचे ढीग, त्यामुळे आवाज बरा बसतो. मार्चमध्ये पेट्या भरायला लागल्या की आम्हाला बाहेर काढतात आणि ते योग्यच आहे; तोवर हंगाम सुरू झालेला असतो आणि तालमीची गरजही कमी.

कार्यक्रमांचे दिवस म्हणजे दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, जोडून आलेल्या सुट्ट्या, मग मे महिना. शिमग्यात पालख्या नाचत असतात, तेव्हा गावात दुसरं काही वाजवायच्या भानगडीत पडू नये.

काय वाजवायचं

स्का मागायला कुणी येत नाही. नाचायला काहीतरी द्या, एवढंच लोक मागतात. म्हणून पोस्टरवर ‘स्का’ बारीक अक्षरात आणि ‘लाइव्ह ब्रास बँड’ ठळक.

आमचे चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्या भागात लोक कोळंबी फ्राय खात असतात, तेव्हा रॉकस्टेडी, संथ, गायक आणि सॅक्स पुढे. मधल्या भागात जुनी हिंदी गाणी, स्काच्या चालीत. पन्नास-साठच्या दशकांतली गाणी निवडा. त्यांत ब्रासच्या जागा आधीच लिहिलेल्या आहेत, कॉर्ड मोजके आहेत आणि मास्तरांना ती तोंडपाठ असतात. लोक ओळखीच्या चालीवर उठतात आणि उठल्यावर परत बसत नाहीत. मग तिसऱ्या भागात जमैका आणि कॉव्हेंट्री. तोपर्यंत कुणी विचारत नाही हे काय वाजवताय.

कोळीगीतांची फर्माईश हमखास येते. ज्या गाण्यांचा ठेका सहाचा आहे ती ओढूनताणून चारात बसवू नका. गाणं लंगडतं आणि कोळीवाड्यातलं कुणी समोर असेल तर मान खाली घालावी लागते. ती सरळ सहातच वाजवा, ब्रास लावून. चारात बसणारी कोळीगीतं स्काला आपसूक जुळतात.

वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती लग्नांची सुपारी मिळाली तर सोडू नका. तिथे ब्रासची जाण असलेले श्रोते असतात. नवरा-नवरीच्या प्रवेशाला मार्च लागतो, नंतर वॉल्ट्झ, मग जाइव्ह. वॉल्ट्झ तीनाचा, त्यात स्का चालत नाही, म्हणून चार-पाच वॉल्ट्झ वेगळे बसवून ठेवा. जाइव्हच्या जागी स्का बेमालूम जातो. एका काकींनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, ‘पोरा, तुमचो तो ट्रंपेटवालो आमच्या लग्नाक असतो तर!’ मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस खुशीत होते.

क्रम लावताना एक गोष्ट विसरू नका. वरच्या सुरांतली दोन गाणी लागोपाठ ठेवायची नाहीत. प्रत्येक चढ्या गाण्यानंतर असं एक गाणं ठेवा, ज्यात ट्रंपेट निम्मा वेळ गप्प आहे. ओठ स्नायू आहे, तो भरून यायला वेळ मागतो.

सुपारी घेताना

फोनवरच विचारून घ्या, नंतर लाज वाटते. स्टेज किती फूट? आठ माणसांना २० बाय १२ हवं, १६ बाय १२ मध्ये दाटीवाटीने होतं. छप्पर आहे का? वाद्यांसाठी वेगळी लाइन आहे का आणि अर्थिंग आहे का? लायटिंग आणि फ्रायर ज्या लाइनवर आहेत त्यावरच अँप लावला तर गाणं चालू असताना घूं ऐकू येतं. जनरेटर कुठे ठेवणार? स्टेजमागे ठेवलेला जनरेटर ही या किनाऱ्यावरची आवडती खोड आहे. निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटचा भाग सुरू होण्यापूर्वी. ‘उद्या ट्रान्सफर करतो’ म्हणणाऱ्या एका रिसॉर्टचा तो उद्या आमच्याकडे अजून यायचा आहे.

जेवणाची वेळही ठरवा. ट्रंपेटवाला पोटभर मच्छी-भात खाऊन वाजवू शकत नाही. त्याचं ताट झाकून ठेवायला सांगा, नाहीतर कार्यक्रम संपल्यावर भात आणि सोलकढीच उरते.

खाडी ओलांडायची असेल तर शेवटची बोट किती वाजता सुटते ते जाताना जेट्टीवर विचारा. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे फेरीने गाडीसकट पलीकडे जाता येतं, पण रात्री ती बोट चुकली की आत वळसा मारून येण्यात पहाट होते. आणि आठजण झोपलेले असताना एक जागा राहायला हवा. तो ड्रायव्हर नव्हे, ड्रायव्हरशी बोलणारा.

साउंडवाल्याशी बोलणं

मंडपवाल्याचा साउंड घेतला तर तो डीजेसाठी लावलेला असतो: बास फुगवलेला, गायकावर भरपूर इको. स्काचा जीव त्या ‘च्याक्’च्या कोरडेपणात आहे. इको सुरू असेल तर गिटारचा प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यावर सांडतो आणि सगळा ताल सरळ होऊन जातो. म्हणून साउंडवाल्याला पहिलं वाक्य हे: ‘दादा, इको पूर्ण बंद.’ दुसरं: ‘गिटारचा बास काढा, मधला भाग वर.’

दहा-बारा चॅनल पुरतात. फुंकणाऱ्या तिघांना तीन साधे डायनॅमिक माइक, वाद्यापासून वीतभर लांब, सॅक्सचा माइक थेट तोंडावर न धरता थोडा वर. छोट्या जागेत ब्रासला माइक लागतच नाही. तिथे बाकीच्यांचा आवाज ब्रासला धरून खाली आणा. उलटं करायला गेलात तर दोन तासांत कान गेले समजा. एक मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) फुंकणाऱ्यांच्या पायाशी द्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की ते जोर लावतात, जोर लावला की सूर चढतो आणि ओठ लवकर थकतात. गायकाला मॉनिटर कमी पडला तरी तो ओरडून घेतो.

वाळू, खारा वारा आणि भरती

किनाऱ्यावर कार्यक्रम असेल तर आधी पंचांग बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते, हे इथल्या कोणत्याही जुन्या माणसाला ठाऊक असतं. अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा वर चढतं.

आम्हाला हे तोंडपाठ होतं आणि तरी फसलो. चांदण्यातली पार्टी म्हणून पौर्णिमेची सुपारी घेतली. संध्याकाळी सात वाजता पाणी लांब होतं, स्टेज सुंदर दिसत होतं, दहाला वाजवणं थांबलं. मग पोज, फोटो, गप्पा. साडेदहाला वायर गुंडाळायला लागलो तेव्हा पाणी स्टेजच्या फळ्यांखाली होतं. वाद्यं डोक्यावर घेऊन निघालो. एक पेडल गेलं आणि ड्रमवाल्याची एक चप्पल. तेव्हापासून वेळ बघताना कार्यक्रमाची नव्हे, सामान उचलण्याची वेळ धरतो.

परवानगी आयोजकाने काढायची, पण कागद डोळ्यांनी बघा: ग्रामपंचायत, पोलीस आणि किनाऱ्यासाठी मेरिटाइम बोर्ड. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येतात. तिथे रात्री दिवे आणि आवाज घेऊन जाऊच नये. मी सरळ नाही म्हणतो.

स्टेज वाळूवर टेकू देऊ नका, खाली फळ्या हव्यात. ट्रॉम्बोन तर वाळूवर ठेवायचाच नाही. स्लाइडमध्ये दोन कण गेले तरी ती खरखरते आणि पितळ कायमचं ओरखडतं. कागद उडतात म्हणून कपड्याचे चिमटे सोबत ठेवा. गिटारच्या तारा खाऱ्या हवेत दोन-तीन कार्यक्रमांतच गंजतात, जॅकच्या पिना हिरव्या पडतात, त्यावर काँटॅक्ट क्लीनर मारा. सगळ्यांत नाजूक सॅक्सचे पॅड. चामडं ओलं होतं, फुगतं, बुरशी धरतं आणि मग चावी बंद होत नाही. पावसाळ्यात सॅक्स कपाटात ठेवा आणि कपाटात लहान बल्ब चालू. आजी पापड-मसाल्यांसाठी करायची तेच.

दहा वाजले की

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. काही मोजक्या सणांच्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं, वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. ३१ डिसेंबरला ‘आपल्याला परवानगी आहे’ असं मालक म्हणेल, तेव्हा कागद मागा.

एक गैरसमज खूप पसरलेला आहे: माइक बंद केला की ब्रास चालतो. चालत नाही. नियमात आवाज करणारी वाद्यंही आहेत. बंद सभागृहातली गोष्ट वेगळी. म्हणून आमचा शेवटचा भाग नऊ-वीसला सुरू होतो. उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी ‘अजून दोनच’ म्हणणाऱ्यांना मास्तर ट्रंपेटचं तोंड काढून खिशात टाकून उत्तर देतात.

परवान्याबद्दल थोडक्यात: दुसऱ्यांची गाणी जाहीर कार्यक्रमात प्रत्यक्ष वाजवायची तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा) परवाना लागतो, मधल्या वेळेत रेकॉर्ड लावल्या तर त्याचा वेगळा. दोन्ही आयोजकाच्या किंवा हॉटेलच्या नावावर काढून घ्यायचे, करारात तसं लिहा. लग्नसोहळ्यांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे, रिसॉर्टच्या पार्टीला नाही.

वाटणी

इथे आम्ही रापणीची पद्धत उचलली. जाळं ओढायला लागलेल्या प्रत्येकाचा वाटा, आणि जाळ्याचाही.

समजा मानधन ४२,००० आलं. गाडी, डिझेल, साउंड, वाटेतलं खाणं धरून १२,००० गेले. उरले ३०,०००. यातून आधी तिघा फुंकणाऱ्यांना ठरलेली रक्कम, प्रत्येकी ४,०००, कारण त्या रात्री लग्नात गेले असते तर त्यांचा रोज पक्का होता. उरलेल्या १८,००० चे सहा वाटे: आम्ही पाच आणि सहावा वाद्यांचा. प्रत्येकी ३,०००. म्हणजे बँड काढणाऱ्यापेक्षा मास्तरांना हजार जास्त. गिटारवाला पहिल्या वर्षी यावर रुसला होता. मग एका कार्यक्रमाला मास्तर तापाने आले नाहीत, त्या रात्री तो स्टेजवर काय करत होता हे त्यानेच नंतर सांगितलं: हात गे-ती-क-न करत होता आणि पुढे कुणीच नव्हतं. तेव्हापासून विषय निघाला नाही.

वाद्यांच्या वाट्यातून तारा, पॅड, व्हॉल्व्हचं तेल, दुरुस्ती. मोठी हॉटेलं टीडीएस कापतात; पॅन दिला नाही तर थेट २० टक्के जातात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि खरं सांगतो, ती चिंता आमच्या वाट्याला अजून आलेली नाही.

गाडीत बसण्याआधी

कितीही उशीर झाला तरी दहा मिनिटं थांबा. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनच्या पाण्याच्या चाव्या उघडून फुंकून घ्या, मऊ फडक्याने बाहेरचं मीठ पुसा, व्हॉल्व्हवर दोन थेंब तेल. सॅक्सच्या पॅडखाली कागदाची पट्टी दाबून ओल टिपा, रीड (माउथपीसवरची पातळ पट्टी) काढून वेगळी ठेवा. माउथपीस घरी गेल्यावर कोमट पाण्यात. हे काम आमच्याकडे तिघांनीच करायचं नाही, सगळ्यांनी मिळून करायचं. गिटारवाला आता सॅक्स पुसतो. मास्तर तोपर्यंत झाकून ठेवलेल्या ताटाशी बसलेले असतात, एकटेच, सुरमईचा काटा काढत.